भिंत कोरडी आहे का

२ फेब्रुवारी

चि. सौ. धाकटीस,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र परवा पोचलं. पिटुकलीला सहावं लागलं, तिला आता 'ळ' म्हणता येतो, हे वाचून बरं वाटलं. माझे गुडघे सोडले तर इकडे सगळं ठीक आहे.

माझ्या भावाची बदली पुन्हा इकडेच झाली, देव पावला. महिनाअखेरीस तुम्ही तिघं कायमची राहायला येताय म्हणून मागची खोली रिकामी करून ठेवली आहे. गाद्या उन्हात टाकल्या. खिडकीचं दार कुरकुरायचं, त्याला तेल घातलं.

पण पत्राच्या शेवटी ती एक ओळ कशाला गं लिहिलीस? 'भिंत कोरडी आहे का, ते कळवा.' पत्र आहे की नोटीस? दोन वर्षांनी घरी यायचं आणि माणसाआधी भिंतीची चौकशी करायची! तुला कोणी काही कळवलंय का? खरं सांग. समोरच्या शिवणकामवाल्या बाईंची आणि तुझी पत्रं चालू आहेत, हे मला ठाऊक आहे. परवा मला बघून त्यांनी घाईघाईनं काहीतरी पदराखाली लपवलं. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय!

तर ऐक. भिंतीला गेल्या महिन्यातच नवा रंग दिलाय, फिकट पिवळा. रंगारी म्हणाला, खोली हसायला लागली. एका कोपऱ्यात तळहाताएवढा डाग आलाय, पण तो वरच्या घड्याळजींचा पराक्रम आहे. म्हातारा एकटा राहतो, दिवसभर डोळ्याला भिंग लावून लोकांची घड्याळं उघडून बसतो आणि नळ बंद करायला विसरतो. मी त्यांच्यावर लक्ष ठेवून आहे.

आणि तीस वर्षं मी दफ्तरखान्यात जुने कागद सांधतेय. आलेला प्रत्येक गठ्ठा आधी नाकाशी धरायचा आणि कुबट वास आला तर दारातूनच परत पाठवायचा, हा नियम तिथे मी घातलाय. एका बुरशीच्या कागदानं अख्खं कपाट जातं. तेव्हा ओल म्हणजे काय, हे मला कोणी शिकवायला नको.

माझ्या भावाला आशीर्वाद सांग.

तुझी वन्सं

११ फेब्रुवारी

चि. सौ. धाकटीस,

आशीर्वाद. तुझं चार ओळींचं पत्र मिळालं. त्यातली एक ओळ पुन्हा भिंतीचीच! 'वन्सं, डागाचं समजलं. पण भिंत कोरडी आहे का?' तुझी चिकाटी वाखाणण्यासारखी आहे हो. एवढी चिकाटी माझ्याकडून कागद सांधायचा डिंक बनवायला शिकताना दाखवली असतीस तर आज दफ्तरात माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसली असतीस.

डागाचं म्हणशील तर मी त्याच्याभोवती पेन्सिलीनं रेघ मारून तारीख घातली. दफ्तरात आम्ही कागदावरच्या डागाला असंच करतो, वाढतोय की थांबलाय ते कळतं. सोमवारची रेघ बुधवारी डागाच्या पोटात गेली. दुसरी मारली, तीही गेली. आता तो बशीएवढा झालाय आणि कडेला काळे ठिपके दिसायला लागलेत.

मग मी तरातरा वर गेले. म्हटलं, "तुमचं पाणी माझ्या भिंतीत मुरतंय."

म्हाताऱ्यानं भिंग कपाळावर सरकवलं. "बाई, मला दिवसाला दोन बादल्या लागतात. तुमच्या भिंतीला पाजायला उरत नाही."

"मग डाग कुठून येतो?"

"ते डागालाच विचारा."

असा चावट माणूस! पण पुढचं ऐक. म्हणाले, मी परवापासून दहा दिवस मुलीकडे जातोय, ही घ्या घराची किल्ली. माझा मुख्य नळ तुमच्या हातानं बंद करा, रोज येऊन फरशी बघा आणि मग बोला. किल्ली चक्क माझ्या तळहातावर ठेवली. मला तर एवढा चांगुलपणा पटत नाही. ज्याच्या मनात काही नाही, तो असा किल्ल्या वाटत सुटतो का?

पिटुकलीला या थंडीत पुन्हा दम्याचा पंप ओढावा लागला का? तू त्याबद्दल काहीच लिहीत नाहीस. मी आपलं सहज विचारते. मुलांना होतं असं आणि वयानं जातं. मलाही त्या खोलीत दोन हिवाळे खोकला होता, आता आहे का? नाही.

शिवणकामवाल्या बाई हल्ली माझ्याशी फार गोड बोलतात. तू त्यांना काय लिहितेस?

तुझी वन्सं

१९ फेब्रुवारी

चि. सौ. धाकटीस,

आशीर्वाद. तू विचारतेस, 'वन्सं, तुम्ही त्या खोलीत कधी राहत होतात?' अगं, जुनी गोष्ट आहे ती, सोड. तुझं मन म्हणजे वकिलाचं आहे. पत्रातलं नको तेवढंच नेमकं उचलतेस.

घड्याळजी सहा दिवस नाहीत. त्यांचा नळ मी स्वतः बंद केलाय. रोज वर जाऊन गुडघ्यांवर बसून हातानं फरशी चाचपते. खडखडीत कोरडी आहे. कोपऱ्यात पाण्याचा थेंब नाही, उलट माझ्याच पायांची धूळ दिसते. आणि खाली डाग ताटाएवढा झालाय. काल पोपडा धरून ओढला तर चपातीएवढा निघाला आणि हाताला काळं लागलं. मग संशय कोणावर घ्यायचा? रंगाऱ्यावर घेतला. त्यानं पाणी घालून रंग पातळ केला असणार. मग रद्दीवाल्यावर घेतला, तो रद्दी तोलताना भिंतीला गठ्ठे टेकवतो. खोटं कशाला सांगू, शिवणकामवाल्या बाईंवरही घेऊन झाला.

तुझ्यावर घेता आला नाही. तू इथे नाहीस.

मागे मी घेतला होता. तुला आठवत असेलच. पिटुकली तीन वर्षांची होती, तू तिला खांद्यावर घेऊन बैठकीच्या खोलीत आलीस आणि म्हणालीस, भिंत ओली आहे, हिचा श्वास अडकतोय. मी माझ्या भावासमोर म्हटलं, "ही स्वतःच तांब्यानं भिंतीवर पाणी मारते. वेगळं बिऱ्हाड करायला निमित्त हवंय तिला." तू पिटुकलीला घेऊन बाहेरच्या दारात जाऊन बसलीस. पंधरा दिवसांत त्यानं बदली मागून घेतली आणि तुम्ही सामान बांधलंत. तो अजूनही तेच धरून बसलाय का गं? मागच्या वर्षी मला लिहिलं होतं, 'हिच्या हट्टापायी घर सुटलं.' मी त्यावर उत्तर पाठवलं नव्हतं.

आज दफ्तरात एक प्रकार झाला. नोंदवह्यांचा एक गठ्ठा सांधायला घरी आणला होता, मागच्या खोलीत फळीवर आठवडाभर ठेवला. सकाळी परत नेला. दारात नव्या बाई बसतात, त्यांना मीच तयार केलंय. त्यांनी गठ्ठा नाकाशी धरला आणि माझ्याकडे बघितलं. पुन्हा धरला. मग खालमानेनं चिठ्ठी लावली, 'ओल. परत.' मी म्हटलं, "अहो, माझा गठ्ठा आहे." त्या म्हणाल्या, "हो बाई. पण नियम तुमचाच आहे." आणि हळूच विचारलं, "तुमच्या शालीलाही येतोय वास. तुम्हाला येत नाही का?"

मला येत नव्हता. भर दफ्तरात मी शाल काढून हुंगत बसले, मला काहीच येत नव्हतं. रोज त्यात वावरलं की येत नाही.

आज इतकंच. उद्या नळवाल्याला बोलावलंय.

वन्सं

२१ फेब्रुवारी

धाकटे,

हे पत्र तू वाच आणि मग माझ्या भावाच्या हातात दे. तू वाचून दाखवू नकोस. माझं अक्षर तो ओळखतो, त्याचं त्याला वाचू दे.

नळवाला काल आला. म्हातारा, चाळीस वर्षं भिंती ठोकणारा माणूस. हातोडीच्या दांड्यानं भिंतीवर ठोकत गेला, एका जागी थांबला. म्हणाला, "बाई, यामागं काय आहे?" मी म्हटलं, न्हाणीघर. "कोणाचं?" म्हटलं, माझंच. तो म्हणाला, "मग वरच्याला कशाला त्रास दिलात? पाणी तुमचंच आहे. आतला पाइप सडलाय, आजचा नाही, पुष्कळ वर्षांचा." काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो मी घालून आले. घड्याळजी परवा येतील, त्यांच्यासमोर कान धरणार आहे.

मग तो रंग खरवडायला लागला. पिवळा निघाला. त्याखाली निळा निघाला. त्याखाली पांढऱ्या ऑइलपेंटचे दोन जाड हात आणि त्याखाली भिंत काळीकुट्ट, केसाळ. त्यानं नाकाला रुमाल लावला. म्हणाला, "हे कोणी झाकून ठेवलं?" मी पटकन म्हटलं, "आधीच्या भाडेकरूंनी."

या घरात भाडेकरू कधी नव्हता, हे तुलाही ठाऊक आहे. तो मान डोलावून कामाला लागला, आणि मी माझ्याच तोंडातून ते ऐकून उंबऱ्यावर जाऊन बसले.

झाकलं मी. तुमच्या लग्नाआधी ती खोली माझी होती. दोन हिवाळे तिथे खोकले. तेव्हा माझं नाक शाबूत होतं, मला वास येत होता. तेव्हाच्या नळवाल्यानं सांगितलं होतं की भिंत फोडावी लागेल. लग्न आठ दिवसांवर आलेलं, घरात पाहुणे यायचे. मी रंगाऱ्याला म्हटलं, ऑइलपेंट मार, दोन हात दे. त्यापुढे कपाट सरकवलं, माझी गादी पुढच्या खोलीत नेली आणि सगळ्यांना सांगितलं, नव्या जोडप्याला मोठी खोली दिली. सगळे म्हणाले, बहीण असावी तर अशी. मला ते गोड लागलं गं.

लग्न झालं की भिंत फोडू, असं खरंच मनात होतं. मग पुढच्या महिन्यात, मग पुढच्या वर्षी. मग तुम्हाला सांगायचं कसं, एवढंच उरलं. निळा रंग दिला. पिटुकली झाली. तिची छाती वाजायला लागली, तेव्हा मी देव्हाऱ्यापुढे बसून म्हणायचे, सर्दीच असू दे.

आणि त्या दिवशी तू ते बोललीस. मी रागाच्या भरात तोंडाला येईल ते बोलले असं तुला वाटत असेल. तसं नाही. मला सगळं कळत होतं. तू बोलत राहिलीस तर तो कपाट सरकवेल, या भीतीनं मी तुला खोटं पाडलं. तांब्याची गोष्ट मी उभ्या उभ्या रचली. अरे, वाचतोयस ना? तुझी बायको खरं बोलत होती. हट्ट तिचा नव्हता.

महिनाअखेरीस येऊ नका. मी गाद्या उन्हात टाकल्या, खिडकीला तेल घातलं, कारण मला पिटुकलीचा 'ळ' ऐकायचा होता. तेवढ्यासाठी मी तिला पुन्हा त्या भिंतीशेजारी निजवणार होते. हे लिहिताना माझीच मला किळस येते.

भिंत फोडायला घेतली आहे. पाइप बदलला की ती तशीच उघडी ठेवणार, रंग नाही, कपाट नाही. नळवाला म्हणतो, वाळायला दोन-तीन महिने लागतील. मी मात्र तुला 'वाळली' असं कधी कळवणार नाही, आणि कळवलं तरी विश्वास ठेवू नकोस. माझ्या घराची किल्ली शिवणकामवाल्या बाईंकडे दिली आहे. त्या मला न विचारता येतील, भिंतीला हात लावतील आणि थेट तुला लिहितील. त्यांनी कोरडी म्हटली, तरच पुढचं ठरव. नाही यावंसं वाटलं तरी मी काही म्हणणार नाही.

तू दोनदा विचारलंस, त्याचं उत्तर द्यायचं राहिलंय. नाही, भिंत कोरडी नाही. तू या घरात माप ओलांडलंस त्या दिवशीही नव्हती, आणि ते फक्त मला माहीत होतं.

पिटुकलीला माझं नाव सांगू नकोस, तिचा श्वास मोकळा होईपर्यंत.

तुझी अपराधी,
वन्सं