शेपूट येईपर्यंत

१८ ऑगस्ट, गुरुवार

ही वही घेतली तेव्हा ठरवलं होतं, रोज लिहायचं. पहिल्या पानावर ‘विनार्ती’ असं नाव घातलं, कोपऱ्यात एक पाल काढली, आणि झालं. आज लिहू, उद्या लिहू – मध्येच मांजरीला पिल्लं झाली, मध्येच सतरा ऑगस्टच्या, स्वातंत्र्यदिनाच्या शर्यती आल्या. दोरीला टांगलेला पापड हात न लावता खायचा. माझा दुसरा नंबर. पहिला आला शेजारचा बोळका म्हातारा, कसा काय ते त्यालाच ठाऊक. बघ, पुन्हा फाटा फुटला.

तर आता लिहायला कारण आहे. सुंबा.

पाक जुमादी, म्हणजे आमचे जुमादीकाका, ऑक्टोबरात ट्रक घेऊन सुंबा बेटावर जाणार. तिथं म्हणे दिवसेंदिवस डांबर दिसत नाही. ट्रकात मोटारसायकली मावतात पाच. चार माणसं ठरलीत. पाचवी जागा आमच्या गटातल्या हेंद्रोची की माझी, ते या शनिवार-रविवारच्या फेरीनंतर ठरेल.

मी पाक जुमादींच्याच गॅरेजात काम करते, तिथंच माळ्यावर राहते. तीन महिने होत आले. शाळेतसुद्धा मी इतकी टिकले नव्हते. बाताममधला कारखाना, बालीतल्या हॉटेलच्या चादरी, सुराबायाचं बंदर – सगळीकडून निघाले. भांडून नाही, नुसती निघाले. पायाला भिंगरी आहे असं आई म्हणते. रस्ता वळताना दिसला की पलीकडे काय आहे ते बघितल्याशिवाय चैन पडत नाही.

आज मी सरळ विचारलं, “मी हेंद्रोपेक्षा वाईट चालवते का?”

पाक जुमादींनी मिशीवरचं ग्रीस पुसलं. आणखी पसरलं. म्हणाले, “चालवतेस छान, न्दुक.” मला ते न्दुकच म्हणतात, घरातल्या पोरीला म्हणतात तसं. “चालवायला कुणालाही येतं. थांबता येत नाही तुला.”

१९ ऑगस्ट, शुक्रवार

चेन घट्ट केली. मग सैल केली. मग परत घट्ट. हेंद्रो बघत होता. “झोपव आता तिला. अंगाई म्हण.”

२० ऑगस्ट, शनिवार, संध्याकाळ

धूळ खाऊन पोट भरलंय. दातावर दात टेकला की करकरतं. गावच्या प्रमुखाच्या ओसरीवर पडलोय, नऊच्या नऊ. आत घरमालकीण सोयाबीनचं तेंपे तळतेय आणि वास असा येतोय – पण आधी फेरीचं.

दिवसभर सागाच्या जंगलातून. महिनोन्महिने पाऊस नाही, त्यामुळे वाट म्हणजे पिठासारखा फुफाटा, आणि खाली लाकडाच्या ट्रकांनी पाडलेल्या चाकोऱ्या. चाक एकदा चाकोरीत गेलं की ती नेईल तिकडे जायचं. मी दोनदा पडले, हेंद्रो तीनदा. तो दोनदाच म्हणतो.

पुढच्याच्या धुळीत शिरलं तर काही दिसत नाही, म्हणून अंतर ठेवून चालायचं. आणि म्हणून खुंट. जिथं वाट फुटते तिथं म्होरक्याच्या लगेच मागचा माणूस थांबतो, वळायचं त्या बाजूला हात करून उभा राहतो. बाकीचे एकेक येतात, त्याच्याकडे बघून वळतात. सगळ्यात शेवटी शेपूट – पिवळं जाकीट घातलेला. त्यानं येऊन हातावर हात मारला की खुंट सुटला. तोवर हलायचं नाही, मग माकडं चावोत की मुंग्या. शेपटाला फाट्यावर खुंट दिसला नाही आणि वाट चुकली, तर त्यानं त्याच फाट्यावर परत येऊन बसायचं. आणि म्होरक्या कधी मागं फिरत नाही. एवढंच. बाकी काही नियम नाहीत आमच्यात. हेल्मेट घाला एवढं पाक जुमादींची बायको सांगते.

म्होरके पाक जुमादी. शेपूट पाक कार्सो. ते पूर्वी शाळेची बस चालवायचे, आता सगळ्यांत म्हातारे. त्यांची जुनाट गाडी निळा धूर सोडते आणि डब्यात खडे घालून हलवावा तशी वाजते. दिसण्याआधी ऐकू येतात.

आज मी दोनदा खुंट झाले. पहिल्यांदा उत्तम.

दुसऱ्यांदा घोरपड.

केवढी होती! आडव्या झाडासारखी. सरपटत ओढ्यात उतरली. मी नुसतं वाकून बघितलं, मग चार पावलं गेले, मग तिनं मान वळवून माझ्याकडे बघितलं, मग काय – आणखी चार. खडखड ऐकून धावत वर आले, तर पाक कार्सो माझ्या गाडीशेजारी उभे. नशीब, गाडी नीट वळणावर होती. त्यांनी हातावर हात मारला.

“गाडी चांगली उभी राहिली,” म्हणाले. “जराही हलली नाही.”

आत्ता जेवताना पाक जुमादींनी विचारलं, “खुंट नीट होते सगळे?”

“नीट होते,” पाक कार्सो तेंपे चावत म्हणाले.

“हीसुद्धा?” हेंद्रो. “दोरीनं बांधली होती का?”

“तुझ्या तोंडाला बांधायला ठेवलीय दोरी,” मी म्हटलं. सगळे हसले. मी पाक कार्सोंकडे बघितलं नाही.

२१ ऑगस्ट, रविवार, निघण्याआधी

पाक कार्सोंनी हेंद्रोला हिरवा शर्ट बदलायला लावला आणि तो आपल्या पिशवीत कोंबला. दक्षिणेच्या समुद्रावर हिरवं घालून गेलं की समुद्राची राणी ओढून नेते.

“नेऊ दे की. राणी आहे.”

“नेईल. आणि दोन दिवसांत परत आणून टाकेल,” पाक कार्सो.

दुपारी किनाऱ्यावर भाजलेला मासा. आज घोरपड काय, हत्ती आला तरी हलणार नाही.

२१ ऑगस्ट, रविवार, बू सिनाहच्या टपरीसमोर

वही पिशवीत टाकली होती ते बरं झालं.

समुद्राआधीच्या शेवटच्या फाट्यावर मी खुंट. उजवीकडे खाणीचा रस्ता, डावीकडे समुद्र. मध्ये सिनाह मावशीची, म्हणजे बू सिनाहची, चहा-कॉफीची टपरी, टपरीवर बांबूच्या टोकाला पिंजरा, पिंजऱ्यात पारवा. आमची माणसं एकेक करून आली, वळली. राहिले दोघं. हेंद्रो, तो आधीच्या फाट्यावर खुंट होता, आणि पाक कार्सो.

मग धूळ उठली. पुढं हेंद्रो, मागं पिवळं जाकीट. हेंद्रो लांबूनच ओरडला, “चल, शेपूट आलं!” पिवळं जाकीट माझ्या शेजारून गेलं. अंगठा दाखवला. हातावर हात नाही.

आणि खडखड नाही. निळा धूर नाही.

मी हेंद्रोला अडवलं. “हे पाक कार्सो नाहीत.”

“मग कोण? पिवळं जाकीट आहे, म्हातारा आहे, धुळीनं माखलाय. आणखी काय हवं, जन्माचा दाखला?”

“तुझ्या हातावर मारला का हात?”

“लांबून जाकीट दिसलं, निघालो. धुळीत कोण उभं राहतं? चल आता, मासा संपेल.”

“मी नाही येत.”

“बस मग. पाक जुमादींना सांगतो, विनार्ती निघाली नेहमीसारखी.”

गेला.

रविवारी या डोंगरांत काय आमचाच एक गट असतो? आणि शेपटाला पिवळं जाकीट सगळ्यांचंच असतं. कुणाचं तरी शेपूट आपल्या माणसांपासून तुटलं आणि आमच्याला चिकटलं. मग आमचं शेपूट कुठं? हेंद्रोच्या रिकाम्या फाट्यावर. तिथून कुठं, देव जाणे. फोनला रेंज नाही. मागं जाऊन बघावं असं दहादा वाटलं. पण मी या वाटेनं मागं गेले आणि ते तिकडून खाणीच्या वाटेनं आले तर? या फाट्यावर कुणी नाही म्हटल्यावर ते कुठं वळणार? आणि पाक कार्सोंनी काल माझी बाजू घेतली. आज मी इथं हवी.

तिथंच

अजून नाहीत.

बू सिनाहनं कॉफी दिली, खाली अर्धा पेला गाळ. “कुणाची वाट बघतेयस? नवऱ्याची?”

“शेपटाची.”

“मग ठीक. ते कधीतरी येतं तरी.”

नुसतं बसवत नाही म्हणून तिचे कसाव्याचे कंद सोलून देतेय. तोंड वाटेकडे करून बसायचं, ही माझी अट. ती म्हणाली, आत सावलीत बस. नाही म्हटलं. आत टीव्ही चालू आहे, मला मी माहीत आहे. पारवा किलबिलत नाही, घुमतो, मधेच थांबतो, आणि आपण ऐकत राहतो पुढचं कधी म्हणून. असला पक्षी फाट्यावर ठेवू नये खरं तर. दोनदा मान वर गेली, दोनदा खाली आणली.

मघाशी तीन अनोळखी गाड्या आल्या. त्यांना वाटेवर उभी पोरगी दिसली, बाजूला उभी गाडी दिसली. मी म्हणतेय, “अहो, मी तुमची खुंट नाही,” तोवर तिघं अंगठे दाखवून डावीकडे वळून गेलेसुद्धा. बू सिनाह हसून हसून खाली बसली. म्हणाली, उद्यापासून इथंच उभी राहा, मी गिऱ्हाइकं वळवून घेते.

तिथंच, ऊन कललं

किनाऱ्यावरून मासेवाली वर आली, स्कूटरला दोन्ही बाजूंना टोपल्या. बू सिनाहशी गप्पा मारायला थांबली. मी विचारलं, खाली धुळीनं माखलेली माणसं दिसली का?

“दिसली ना. एक पिवळ्या जाकिटातला आजोबा त्यांच्यात बसून मासा खातोय आणि तो त्यांचा नाहीच! हेल्मेट काढलं तेव्हा ते सगळे त्याच्याकडे बघतायत, तो सगळ्यांकडे बघतोय. मग आणखी तिघं आले. ते त्याचे निघाले. मिठ्या मारल्या.”

माझे तीन! चला, कुणाचं तरी शेपूट मिळालं.

“आणि एक पोरगा सांगत होता,” मासेवाली म्हणाली, “की त्यांची एक मुलगी वाटेतच उंडारायला गेली. सगळे म्हणाले, ती तसलीच आहे.” मग तिनं माझ्याकडे, माझ्या बुटांकडे, सोललेल्या कसाव्याकडे बघितलं. “तूच होय ती?”

“एक मोठ्या मिशांचे होते ना, ते काय म्हणाले?”

“ते होय? ताटातला मासा तसाच ठेवला. गाडी काढली आणि डांबरी रस्त्यानं गेले.”

डांबरी रस्ता इकडे येत नाही. डोंगराला वळसा घालून घराकडे जातो.

म्हणजे रागावून घरी गेले. सुंबा गेलं. हेंद्रो ट्रकात माझ्या जागी बसणार आणि वर पत्र पाठवणार, घोडे बघितले म्हणून. सुंबात घोडे फार आहेत म्हणतात.

मासेवाली म्हणाली, “चल, मी येते खाली तुझ्याबरोबर. तुझ्या लोकांना सांग काय झालं ते.”

गंमत अशी की जावंसं वाटलं नाही. खरंच. मलाही नवल वाटलं. ही वाट कुठं वळते ते मला दिसतंय, पलीकडे काय आहे ते माहीत नाही, आणि मी इथंच. कारण डोंगरात कुठंतरी एक म्हातारा आहे आणि त्याला हा फाटा सापडला तर इथं माणूस दिसायला हवा. नुसती गाडी नाही.

मासेवालीनं दोन मासे ठेवले. बू सिनाहनं निखारे काढले. मी वाटेकडे तोंड करून वारा घालतेय.

तिथंच, आत्ता

धूळ उठली. मागच्या वाटेनं, जिथून शेपूट यायला हवं तिथून. पिवळं जाकीट! पण खडखड नाही. म्हटलं, आणखी कुणाचं तरी.

गाडी माझ्यासमोर थांबली. जाकीट पोटावर ताणलेलं, बटणं लागत नाहीत. मागं हेल्मेट मांडीवर घेऊन पाक कार्सो, एका पायात बूट नाही, घोट्याला शर्ट गुंडाळलेला – हेंद्रोचा तो हिरवा. “वाट चुकलो, पडलो, मग लंगडत हेंद्रोच्याच फाट्यावर येऊन बसलो,” म्हणाले, “मासा भाजलाय का?”

आणि जाकिटात पाक जुमादी. डोंगराला पूर्ण वळसा घालून आलेत, सुरुवातीपासून सगळी वाट परत, एकेक फाटा बघत. म्होरक्या मागं फिरत नाही ना.

हातमोजा काढून हात पुढं केलाय. मी लिहितेय आणि ते तसेच उभे आहेत. म्हणतात, “लिहून झालं की सांग, न्दुक. खुंट सोडवायचाय.”