त्या दिवशी ताई कोण होतं?

७ मार्च

तीर्थस्वरूप मावशीस,
सा. न. वि. वि.

फोन हाताशी असताना मी कागदावर लिहीत आहे याचे तुला नवल वाटेल. गेल्या आठवड्यापासून आमच्या पाणीपुरवठा कार्यालयात कुणाचाही यंत्रावर विश्वास उरलेला नाही. ‘उघडा नळ’ असे नाव घेतलेल्या कुणा अनोळखी मंडळींनी आमच्या संगणकात शिरून सगळी माहिती जगापुढे मांडली आहे. पाणीतपासणीचे आकडे, साहेबांचे संदेश, आमचे पत्ते, कुणाची आजारपणे, काहीही सोडलेले नाही. वार्षिक सभेत बोलण्यातून सूट मिळावी म्हणून मी केलेला अर्जही त्यात आहे. उभे राहिले की मला शब्द सापडत नाहीत, असे मी त्यात प्रामाणिकपणे लिहिले होते. काल किराणा दुकानदाराने पिशवी हातात देताना, शब्द सापडले का, म्हणून चौकशी केली.

हे सगळे सोसता आले असते. पण खरी गोष्ट पुढेच आहे. उत्तरेकडच्या टाकीचे पाणी पिण्यास अयोग्य असल्याचे तपासणीत पुन्हा पुन्हा निघाले होते, आणि कुणीतरी संगणकावर ते प्रत्येक वेळी योग्य करून ठेवले. त्या वस्तीतली मुले हिवाळाभर आजारी होती. बदललेल्या प्रत्येक आकड्यापुढे एकच नाव आहे, आणि मावशी, ते तुझे आहे.

तू निवृत्त होऊन दोन वर्षे झाली, तरी आमच्याकडे तू रोज सकाळी उघडतेस. नव्या माणसाला स्वतःचे खाते मिळायला महिनोन्‌महिने लागत, म्हणून तू आपला पासवर्ड सगळ्यांना देऊन टाकलास. ती सोय तुझ्यामागेही तशीच चालू राहिली. इथे तुला सगळे ताई म्हणत, म्हणून तुझ्या खात्याचे नावही ताईच पडले. ‘ताई उघडल्या का’, ‘ताई आज फार संथ आहेत’, ‘जेवायला जाताना ताई बंद करा’ हे आम्ही दिवसभर बोलत असतो. मी रुजू झाले त्या दिवशी कुणीतरी हाक दिली की ताई अडकल्या, आणि मी तुला शोधायला जिन्याकडे धावले होते.

तो पासवर्ड त्या मंडळींना कसा मिळाला, तेही त्यांनीच सांगितले आहे. तुझ्या निरोपसमारंभाचा फोटो कार्यालयाच्या संकेतस्थळावर आहे. त्यात तू हार घालून उभी आहेस, आणि तुझ्या खांद्यामागे संगणकाला चिकटवलेली चिठ्ठी अगदी स्वच्छ वाचता येते.

साहेब आधी म्हणाले, आकडे हॅकरांनीच बदलले. मग म्हणाले, ताई घरूनही उघडतात, तेव्हा ताईंनीच बदलले असणार. त्या मंडळींनी गाजावाजा केला म्हणून टाकी बंद झाली; त्यांनीच तुझे नाव चव्हाट्यावर आणले. त्यांचा राग धरावा की उपकार मानावेत, मला ठरवता येत नाही.

या गोंधळातही लोभ शाबूत असावा, एवढीच विनंती.

तुझी,
वाळवी

•

११ मार्च

चि. वाळवीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र पोचायच्या आधीच दोन वार्ताहर दारात उभे होते. मी त्यांना चहा विचारला, तर त्यांनी चहा नको, प्रतिक्रिया द्या म्हणून सांगितलं. शेजारीण आपली नातवंडं माझ्याकडे गणिताला पाठवायची, ती आता पाठवत नाही. विचारलं तर म्हणाली, दोघांनाही ताप आहे. दोघं त्या वेळी तिच्यामागेच चेंडू खेळत होती. माझ्या हातचं पाणीसुद्धा आता कुणाला नको असेल.

चौकशी अधिकाऱ्यांचं पत्र आलंय, सोबत बदललेल्या आकड्यांची यादी. खातं तुमचं, बदल तुमच्या खात्यातून झाले, खुलासा करा. आधी हसू आलं. मग मात्र माझाच माझ्यावर भरवसा राहिना. निवृत्तीनंतर मी घरून ते उघडलं होतं बघ, तू काम नीट करतेस का ते पाहायला. तेव्हा चुकून काही दाबलं गेलं असेल का? इतकी माणसं माझ्या नावानं वावरलीत की त्यांतली मी कोणती, हे मलाच सांगता येत नाही.

तेव्हा मी ठरवलंय. यादीतले सगळे बदल मीच केले असं लिहून देते आणि मोकळी होते. पासवर्ड मीच वाटला होता ना? माझं सगळं करून झालंय, तुझं आत्ता कुठं सुरू होतंय. तुझं नाव कुठंही आलेलं नाही, ते तसंच राहू दे. तू तोंड उघडू नकोस. एरवीही उघडत नाहीस, तो गुण या वेळी कामी येईल.

जेवणाकडे लक्ष दे; पुस्तकं पोखरतेस म्हणून तुला वाळवी म्हणते, पण त्यानं पोट भरत नाही. पुस्तक ताटाशेजारी ठेवू नकोस, वाचताना तू तीच पोळी दोनदा संपवतेस.

माया आहे तशीच आहे.

मावशी

•

१२ मार्च

तीर्थस्वरूप मावशीस,
सा. न. वि. वि.

तुझ्या उत्तराची वाट न पाहता लिहीत आहे, कारण आज चौकशीत मी बोलले. सभागृहात आम्हा सगळ्यांना एकत्र बसवले होते. अधिकारी मवाळ गृहस्थ आहेत. त्यांनी यादीतली एकेक तारीख वाचून सरळ विचारले, त्या दिवशी ताई कोण होतं? तिथून जे सुरू झाले ते कुणालाच आवरेना. रसायनतज्ज्ञ म्हणाले, मंगळवारी ताई बिलविभाग होता. बिलविभाग म्हणाला, आम्ही दुपारनंतर ताई झालो, सकाळी ताई तुम्हीच होता. शिपाईकाका म्हणाले, मी फक्त रजा बघण्यापुरता ताई होतो. टिपणे घेणाऱ्या बाईंनी शेवटी लेखणी खाली ठेवली.

मग मी उभी राहिले. मीही ताई होते, असे सांगितले. साहेबांच्या केबिनमधून निरोप यायचा की टंकनाची चूक झाली आहे, तेवढा आकडा दुरुस्त करा. मी करत असे. यादीतले कोणते बदल माझ्या हातचे आहेत हे मला ओळखता येत नाही, पण काही आहेत हे नक्की. मी बसल्यावर आणखी कुणी उठेल असे वाटले होते. रसायनतज्ज्ञ आपल्या बुटांकडे पाहत राहिले. साहेबांनी मात्र माझ्याकडे पाहिले, आणि ते पाहणे माझ्या मनातून जात नाही.

तुझ्यावरचे किटाळ आता थोडे तरी हलके होईल. तू कशावरही सही करू नकोस.

लोभाची गरज आज नेहमीपेक्षा जास्त आहे.

तुझी,
वाळवी

•

१६ मार्च

चि. वाळवीस,
अ. उ. आ. आणि त्याहून जास्त राग.

आपली पत्रं वाटेत एकमेकींना ओलांडून गेली. सही करू नकोस म्हणतेस, ती मी तेराव्या तारखेलाच करून बसले. त्या भल्या अधिकाऱ्यांचा काल फोन आला. म्हणाले, बाई, पंधरा वर्षं चौकशा करतोय, गुन्हेगार सापडत नाही ही माझी रोजची रड. एकाच गुन्ह्याला दोन-दोन माणसं हजर, हे पहिल्यांदा बघतोय. मी म्हटलं, भाचीला सोडा, ती पुस्तकं वाचून हळवी झालेली आहे. ते म्हणाले, भाचीही तुमच्याबद्दल असंच म्हणेल, तेव्हा मी कुणाचं ऐकू?

तू तुझा जबाब मागे घे. नोकरी जाईल, शिवाय खटला होईल. कोण देईल गं तुला मग काम? मी सांगते तसं कर, एवढं एकदा ऐक.

रागातही माया धरून आहे.

मावशी

•

२३ मार्च

तीर्थस्वरूप मावशीस,
सा. न. वि. वि.

तुझे ऐकले नाही, त्याबद्दल आधी क्षमा मागते. पण घडले ते क्रमाने सांगते.

तू सही केलेली यादी अधिकाऱ्यांनी परवा मला वाचून दाखवली. त्यातल्या एका तारखेशी मी त्यांना थांबवले; सभागृहातल्या गोंधळात तिथवर कुणी पोचलेच नव्हते. सर्वांत मोठा बदल त्याच दिवसाचा आहे. त्यानंतरच वस्तीतली मुले रुग्णालयात गेली. मावशी, त्या सकाळी तुझ्या पित्ताशयाची शस्त्रक्रिया होती. ज्या वेळी आकडा बदलला गेला, त्या वेळी तू भुलीखाली होतीस. भुलीच्या गुंगीत आपण पाण्याचे आकडे बदलले, असे तू सहीनिशी लिहून दिले आहेस. आणि मी रजा टाकून दाराबाहेरच्या बाकावर, तुझा चष्मा आणि बांगड्या मांडीवर घेऊन बसले होते.

रुग्णालयाने दोन दिवसांत तसे कळवले. आज सभागृहात पुन्हा सगळ्यांना बसवून अधिकारी म्हणाले, एवढ्यातून या दोघीही बाद झाल्या. आता सांगा, त्या दिवशी ताई कोण होतं?

मग रसायनतज्ज्ञ उठले. ते म्हणाले, ताई मी उघडल्या होत्या, नुकताच आकडा भरला होता. तेवढ्यात साहेब केबिनमधून आले आणि म्हणाले, जरा उठा, ताई मला हव्यात. मी उठलो. परत बसलो तेव्हा माझा आकडा तिथे नव्हता. हे मी तेव्हाच बोलायला हवे होते, असे म्हणून ते खाली बसले, आणि या वेळी त्यांनी बुटांकडे पाहिले नाही. साहेब म्हणाले, मी फक्त नोंद पाहत होतो. मग म्हणाले, वरून दडपण होते. ही दोन वाक्ये एकत्र नांदत नाहीत हे त्यांच्याही लक्षात आले असावे, कारण तिसरे त्यांनी उच्चारले नाही.

साहेबांना कामावरून दूर केले आहे. माझी चौकशी मात्र चालू राहणार. दुरुस्त करा म्हटल्यावर मी मूळ आकडा काय होता, हे रसायनतज्ज्ञांना एकदाही विचारले नाही. माझ्या दुरुस्त्यांत टंकनाच्या चुका कोणत्या आणि कुणाच्या मुलाचे दुखणे कोणते, हे मला अजून सांगता येत नाही. उद्यापासून त्यांच्याशेजारी बसून एकेक नोंद ताडून पाहायची आहे. त्यातून जे माझ्या नावावर निघेल ते माझेच राहू दे. ते तू मागू नकोस.

तुझा जबाब खोटा ठरल्यामुळे तो मागे घ्यायला तुला स्वतः यावे लागेल. टपालाने चालेल का, असे मी तुझ्या वतीने विचारले. अधिकारी म्हणाले, मुळीच नाही; इतक्या ताई पाहिल्या, आता खऱ्या ताईंना एकदा डोळ्यांनी पाहू द्या.

मी स्थानकावर घ्यायला येईन. लोभ सोबत घेऊन ये.

तुझी,
वाळवी