ऑन बिहाफ ऑफ आणि माझी खिडकी

३ मार्च
शिवणाची खोली मागच्या नव्या हॉलमध्ये हलवणार म्हणे. म्हणजे खिडकी गेली! आम्हा सगळ्या बायकांची खिडकी. माझंच मशीन तिला लागून आहे, तो योगायोग. साहेबांना खडसावणार. इंग्रजीत. आपल्या भाषेतलं त्यांना कळतं, पण लागत नाही.

४ मार्च
सूनबाईला विचारलं, सगळ्यांच्या वतीने म्हणजे काय? ऑन बिहाफ ऑफ ऑल, म्हणाली. मी म्हटलं, ऑन द बिहाफ. तर म्हणे, 'द' घालायचा नाही, भलेभले तिथेच चुकतात. चुकोत. मी गावच्या शाळेतली सातवी पास. ह्यांच्या फोटोसमोर म्हणून पाहिलं. जिवंतपणी एवढं गप्प बसून कधी ऐकलं नव्हतं.

६ मार्च
तो 'द' मध्येच घुसतो मेला. न बोलावता, आमच्या नणंदेसारखा.
काजवालीला शिकवून ठेवलं. शर्टांना काजं करते, तोंडातून शब्द काढत नाही, म्हणून माझी लाडकी. मी अडले तर मागून हळूच सांगेल. म्हणाली, मावशी, पण बाकीच्यांना विचारलंत का? म्हटलं, विचारायचं काय त्यात? त्यांच्या मनातलं मला कळतं. खाली मान घालून काजं करत राहिली. गुणाची पोर.

९ मार्च
उद्याच जायचं. जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांना सांगितलं, माझ्या मागे उभ्या राहा. कुणी नाही म्हणालं नाही. तोंडात घास होते, तरी कळतं ना.

१० मार्च
बोलले! 'द' न घालता! साहेब माझ्या खांद्यावरून मागे बघायला लागले. म्हणाले, कोणाच्या वतीने? मी वळले. मागे पाण्याचं पिंप.
काजवालीसुद्धा नाही. दगाबाज मेल्या. आता एकीलाही सुई ओवून देणार नाही. तशी त्याच मला ओवून देतात, पण तत्त्व म्हणून.

११ मार्च
साहेबांकडूनच कळलं. काजवाली मी जायच्या आदल्या दिवशीच जाऊन आली होती. हॉल लवकर द्या म्हणाली, इथला वारा एकाच मशीनला लागतो, बाकीच्या घामाने भिजतात. ऑन बिहाफ ऑफ ऑल.
मी विचारलं, त्या ऑलमध्ये मी पण? म्हणाले, तुमचं नाव तर तिने पहिलं घेतलं.
जायला निघाले. तरी विचारलंच, तिने 'द' घातला होता का?
नव्हता.