बसऱ्याहून पत्र नाही

३ डिसेंबर १९८२, नांदेड
वादविवादाचा विषय बोर्डावर लागला: ‘शेजारी राष्ट्रांतल्या युद्धांना परकीय सत्ताच जबाबदार आहेत.’ लातूरचा नवा जिल्हा झाला, त्या कौतुकाची स्पर्धा. फिरता करंडक. प्रत्येक कॉलेजातून दोघं, एक बाजूने, एक विरुद्ध. राज्यशास्त्राच्या सरांनी चिठ्ठ्या टाकल्या. मला बाजू, रेहानाला विरोध. माझं सोपं. हॉस्टेलात सगळ्यांना अमेरिका-रशिया पाठच आहेत. पाण्याचा टँकर आला नाही तरी शैला म्हणते, अमेरिकेचा हात. दोन बादल्यांत अंघोळ, धुणं, सगळं. इराण कुठे, इराक कुठे, नकाशावर एकीलाही दाखवता आलं नाही. पण मतं ऐकावीत!

५ डिसें.
इराण-इराकवर आठ पानं झाली. आता नुसतं प.स. लिहिते. दर ओळीला ‘परकीय सत्ता’ लिहून बोटं दुखली. शेवटी टाळ्यांचं वाक्य: ‘बसऱ्याच्या रस्त्यावरचं रक्त कुणाच्या हाताला लागलंय?’ सर खूष.
रेहानाचं भाषण सरांनीच लिहून दिलं, तरी हिचं पाठ नाही. रोज दुसऱ्या पानावर अडते. वाक्य काय, तर ‘पेटलेल्या घराशेजारी कमवायला गेलेल्यांनी धग लागली म्हणून जगाला बोल लावू नये.’ यात अडण्यासारखं काय आहे? नुसता वैताग.

७ डिसें.
आज मी ओरडलेच तिच्यावर. करंडक तुझ्यामुळे जाणार, म्हणाले. तिने वही मिटली. ‘भाई तिथंच हाय गं. बसऱ्याला. तीन महिने झाले, पत्र न्हाई.’
दोन वर्षं एका बाकावर बसतो. भाई ‘फॉरेनला’ वेल्डर आहे, एवढं माहीत होतं. त्याने पाठवलेल्या टेपवर आम्ही गाणी ऐकली. कुठल्या फॉरेनला, हे कधी विचारलंच नाही मी. आणि आठ पानं लिहिणारी मीच. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.
सरांना म्हटलं, आमच्या बाजू बदलून द्या. ‘नावं टाइप होऊन गेली.’ झालं!

१० डिसें., लातूर
मी रक्ताचं वाक्य गाळलं. ती समोरच बसली होती. तिथेच पुढचं सगळं विसरले, घंटा होईस्तोवर काहीबाही बोलत राहिले.
रेहाना उठली आणि एक शब्द न गाळता बोलली. धगीचं वाक्यसुद्धा. टाळ्या.
बाहेर आल्यावर विचारलं, ते कशाला म्हणालीस? ‘पाठ केलतं ना. एक शब्द सोडला असता तर तिथंच रडले असते.’
रेहानाच्या गुणांवर करंडक आम्हाला. वर परीक्षकांचा शेरा: रेहानाची मांडणी चोख, पण विषयाची झळ जाणवली नाही. पाण्याचा तांब्या होता जवळ, फेकून मारावा वाटला.
करंडक पिशवीत घालून तशाच जिल्हा कचेरीत गेलो. तिचं गाव चाकूरजवळ, म्हणजे आता याच जिल्ह्यात. परदेशी गेलेल्या माणसाची चौकशी कुठे करायची? कारकून म्हणाला, ‘नवा जिल्हा हाय, बाई. जुने कागद आले न्हाईत अजून. जुन्या जिल्ह्याला विचारा.’ तिचे अब्बा तिथे आधीच जाऊन आलेत. तिथल्यांनी त्यांना सांगितलं, तुमचं आता लातूर.
मुत्सद्देगिरीवर माझं दीड पान आहे. कारकुनापुढे त्यातल्या एका वाक्याचा उपयोग झाला नाही.

१३ डिसें., नांदेड
सरळ इराकमधल्या आपल्या वकिलातीलाच लिहायचं. पत्ता सरांनी शोधून दिला, तेवढं मात्र केलं. माझं इंग्रजी बरं म्हणून मी लिहायला बसले. दोन पानं झाली. दोन्ही देश, प.स., सगळ्यांना झोडलं. मराठीत वाचून दाखवल्यावर रेहानाने कागद ओढून घेतला. ‘कुणाची चूक ते राहू दे की. तो जिता हाय का, एवढंच लिही.’
चार ओळी झाल्या. उत्तरासाठी पत्ता हॉस्टेलचा, माझ्या नावाने. घरी आलं तर अम्मी दारातच कुणाकडून तरी वाचून घेईल, ते तिला नकोय.

८ जानेवारी १९८३, शनिवार
सरकारी पाकीट आलं. शिक्का तिकडचाच. रेहाना कालच गावी गेली, सोमवारी येणार. नेमकं आजच यायचं होतं! शैला म्हणते, तुझं नाव आहे, उघड की. तिला काय जातंय म्हणायला.
तीनच्या एसटीने निघतेय. अम्मीसमोर द्यायचं नाही. रेहानाला घराबाहेर काढायचं कसं, ते अजून सुचलेलं नाही. माझं तोंड बघूनच अम्मीला कळेल, ही भीती वेगळीच.
पाकीट पातळ आहे. आत एकच कागद असेल. पातळ असणं चांगलं की वाईट, कुणाला विचारू?