तीन बोटांचं मत

लातूर,
गुरुवार, २७ मार्च १९८६

प्रिय पिराजी,

आधी घडलं ते क्रमाने लिहिते.

१. रविवारी माळदरीत ग्रामपंचायतीचं मतदान झालं. सोमवारी सकाळी शाळेत मोजणी झाली.
२. दोन नंबरच्या वॉर्डात तुझी आई चांगुणामावशी आणि हणमंतराव यांना सारखी मतं पडली. चिठ्ठी काढली. ती हणमंतरावांची निघाली.
३. चिठ्ठीच्या आधी एक मत बाद झालं होतं. ते तुझ्या आईला दिलेलं होतं.
४. ते का बाद झालं हे गावाला माहीत आहे. कुणाचं होतं हेही माहीत आहे, असं गाव समजतं.
५. चांगुणामावशी निकालाविरुद्ध अर्ज करणार नाहीत.
६. तेरा एप्रिलला, रविवारी, उदगीरहून मला बघायला पाहुणे येणार आहेत.

निकाल कळल्यावर तू केलेली तार मावशींना मंगळवारी मिळाली. त्यांनी ती माझ्याकडून वाचून घेतली. ‘अर्ज करा, मी येतो’, एवढंच होतं, पण त्यांनी मला दोनदा वाचायला लावलं आणि मग म्हणाल्या, “त्याला तूच लिव्ह बाय. मला सांगता येईल, पन पोष्टात घालता येईना.” म्हणून हे पत्र. रजा संपली म्हणून काल परत आले. काल धुळवड होती. एसटीतून येताना एकाही गावात कुणी भिजलेलं दिसलं नाही. राखेनेच खेळत होते.

तू निवडणुकीच्या धावपळीत गावात नव्हतास, म्हणून बोअरचं आधी सांगते. माळदरीला यंदा एकच बोअर मंजूर आहे. सर्वेक्षणाला मीच गेले होते. मी दोन जागा दाखवल्या. एक हणमंतरावांच्या गोठ्यामागे, दुसरी शाळेच्या पाठीमागे. पाणी दोन्हीकडे लागेल, शाळेमागे थोडं वर लागेल. पण बोअर कुठे घ्यायचा ते माझं यंत्र ठरवत नाही, पंचायतीचा ठराव ठरवतो. गोठ्यामागे हातपंप बसला तर प्रत्येक घागरीला हणमंतरावांचं अंगण ओलांडावं लागेल, आणि ते ओसरीवर बसलेले असतील. तुझी आई उभी राहिली ती एवढ्यासाठी. त्यांना निशाणी मिळाली दिवा.

निशाणी मिळाल्यावर मी जागा पुन्हा बघायला गेले तेव्हा मावशी आणि आपल्या गल्लीतल्या बायका रोजगार हमीच्या नालाबांधावर होत्या. जेवणाच्या सुट्टीत त्यांनी मला धरून बसवलं. मत कसं द्यायचं ते नीट सांग म्हणाल्या. माझी नोकरी सरकारी. कुणाला द्यायचं हे मी बोलणार नव्हते आणि बोलले नाही. कसं द्यायचं ते मात्र शिकवलं. बटाटा कापून शिक्का केला, निळीत बुडवला, आणि जुन्या नकाशांच्या पाठीवर पट्ट्या आखल्या.

पहिल्या फेरीत निम्म्याहून जास्त बायकांनी शिक्का बाजूला ठेवला आणि निळीत अंगठा बुडवून कागदावर उमटवला. मस्टरवर अंगठा द्यायची सवय. अशी मतं बाद होतात म्हटल्यावर तुझी आई ओरडली, “आगं, अंगठा पगाराला! मताला शिक्का!” नंतर दुसरी अडचण आली. दिव्यावर शिक्का मारायला कुणी तयार होईना. जळत्या दिव्यावर काळं कसं उमटवायचं? कुणी वर मारला, कुणी खाली, आणि तो शेजारच्या पट्टीत गेला. तेव्हा मी सांगितलं की दिव्याला हात लावू नका. दिव्याच्या शेजारी, त्याच पट्टीत, नावावर मारा. पट्टी म्हणजे आपलं वावर, रेघ म्हणजे बांध. बांधाच्या आत कुठेही मारला तरी चालतो. हे त्यांना एकदाच सांगून समजलं. घडीही शिकवली. आधी उभी, मग आडवी, म्हणजे ओली शाई दुसऱ्याच्या पट्टीवर उठत नाही. मावशी मागून टोमणे मारत होत्याच. “शिवकांता, तू लुगड्याची घडी आशी घालतीस का गं? तुझ्या सासूचं अवघड हाय.” सगळ्या हसल्या. मी कागद गोळा केले.

माझी अव्वा त्या दिवशी तिथे नव्हती. तिला मी घरी सांगितलं. भाकरीच्या पिठावर बोटाने पट्ट्या काढून. तुला माहीत आहे, आमच्या घरात आड आहे म्हणून अव्वा कधी पाण्याला बाहेर गेली नाही. यंदा संक्रांतीनंतर आड आटला. तेव्हापासून ती ओढ्यातल्या झऱ्यावर जाते, आणि तिथे तुझ्या आईच्या मागेपुढे घागर लावते. या दोघी एका गल्लीत इतकी वर्षं राहिल्या, पण सलग बोलल्या त्या या उन्हाळ्यात. काय बोलतात ते मला माहीत नाही. एकदा अव्वा घरी येऊन म्हणाली, “चांगुणा लई हसवती.” अप्पांनी वर पाहिलं आणि पुन्हा दुकानातल्या तराजूचा काटा धरला.

अप्पांचं मत कुठे जाणार हे कुणी विचारलंही नव्हतं. हणमंतरावांचं सामान आमच्या दुकानातून जातं, त्यांचा सकाळचा चहा आमच्या फळीवर होतो. मतदानाच्या दिवशीही झाला. चहा संपवून अप्पा मताला गेले. अव्वा दुपारी गेली. माझं नाव लातूरच्या यादीत आहे, त्यामुळे मी दुकानात बसले.

मोजणीच्या खोलीत जे झालं ते मावशींच्या तोंडून ऐकलेलं आहे. पण त्या उमेदवार म्हणून आत होत्या आणि त्यांची नजर चांगली आहे, म्हणून मी ते खरं धरते. उदगीरहून आलेले निवडणूक अधिकारी एकेक कागद उघडत होते. एका कागदाला थांबले. “साहेबांनी कागद हातात फिरविला,” मावशी सांगत होत्या. “उजेडाला धरला. दिव्याच्या बाजूला शिक्का, बांधाच्या आत, तू शिकविलास तसा. आन् दिव्यावर तीन बोटं उठलेली. पांढरी. आडवी.” कुणीतरी शिक्का मारण्याआधी कपाळाची विभूती तीन बोटांवर घेऊन दिव्याला लावली होती. गुलाबी कागदावर ती स्वच्छ दिसत होती.

हणमंतराव लगेच म्हणाले, “साहेब, ही खूण झाली. ह्या वॉर्डात आसली बोटं एकाच घरात हायत.” लिंगायताचं घर त्या वॉर्डात एकच आहे, आमचं. अधिकाऱ्यांनी नियम वाचून दाखवला. ज्या खुणेवरून मतदार ओळखता येईल ती खूण असलेलं मत बाद. मावशी भांडल्या. दिव्याला इभूत लावली त्यात काय गुन्हा झाला, म्हणाल्या. अधिकारी सभ्य माणूस असावा. म्हणाला, “बाई, गुन्हा नाही. पण मतही नाही.” ते मत धरलं असतं तर चिठ्ठीची वेळ आली नसती.

मी अव्वाला सगळं शिकवलं होतं. शिक्क्याची बाजू, पट्टी, घडी. कपाळाला हात लावू नकोस, हे सांगायचं सुचण्यासारखं नव्हतं. दिवा दिसला की आमच्या घरात हात आपोआप तिकडे जातो. माझासुद्धा जातो, मी फक्त तो आवरायला शिकले आहे.

आता तुझ्या अर्जाचं. अर्ज केला तर निकाल फिरू शकेल, हे मी मावशींना सांगितलं. एकदा नव्हे, सगळे मुद्दे मांडून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “मंग कोर्टात तुझ्या आईला, गुरम्माला, हुबं करतील. इचारतील, ही बोटं तुझी का. धा मान्सांत. तिनं मला एक मत दिलं, ते बी डोक्याला हात लावून दिलं. तिला कोर्टात हुबं करू? म्या न्हाई जात. पडले तं पडले.” तूही आग्रह धरू नकोस. त्यांना हरल्याचं वाईट वाटतंय, पण हे ठरवल्याचं वाटत नाही.

यापुढचं मी मुद्दाम सावकाश लिहिते आहे.

सोमवारी दुपारी दुकानासमोर माणसं जमली. गुळाला यायचं निमित्त होतं. मी आतल्या दाराशी होते, अव्वा माझ्यामागे चुलीपाशी. परातीतलं पीठ मळून झालं होतं तरी मळत होती. हणमंतराव आले, फळीवर बसले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “काय धोंडप्पाशेठ, गल्ला तुमच्या हातात, आन् घर कुनाच्या हातात?” लोक हसले. अप्पा गुळाचा पुडा बांधत होते. मला वाटलं, आता अप्पा आत येतील. आत येऊन काय बोलतील हेही मला माहीत होतं, किंवा माहीत आहे असं मी धरून चालले होते.

अप्पांनी दोऱ्याची गाठ मारली आणि म्हणाले, “ती बोटं माझी.”

हणमंतराव म्हणाले, “तुमची? काल माझ्यासंगं च्या पिऊन गेलाव की मताला!”

“च्या पिलो. मत च्याला देत्यात का?”

“शेठ, मस्करी करायलाव का?”

“इभूत मी बी लावतो, ती बी लावती. कागदावर नाव हाय का? न्हाई. मंग माझी म्हनतो मी. तुमचं काय म्हननं?” आणि पुडा पुढे केला. “गूळ घ्या.”

हणमंतरावांनी गूळ घेतला नाही. मंगळवारी चहाला आले नाहीत, बुधवारीही नाहीत. मंगळवारी रात्री जेवताना अप्पा मला म्हणाले, “चांगुणाबाईला सांग, बोअरच्या ठरावाला ग्रामसभा हाय, तवा मी येतो.” आजवर ते ग्रामसभेला कधी गेले नाहीत, दुकान कोण बघणार म्हणून. ते विचारायच्या आधीच अव्वा म्हणाली, “मी बघते.”

मी अव्वाला विचारलं, बोटं तुझीच ना? ती ताट घासत होती. म्हणाली, “मत गुपित आसतंय म्हनं. तूच सांगितलीस.” अप्पांना मी विचारलं नाही. म्हणजे ते मत दोघांपैकी कुणाचं हे मला खरंच माहीत नाही. तीन दिवस मी त्याचा विचार केला. अव्वाचं असण्याची शक्यता जास्त आहे. पण अप्पांचं नव्हतंच, असं आता मला म्हणता येत नाही. आणि मुद्दा तोच आहे.

अर्धापूरच्या आमच्या सर्व्हे कॅम्पवर तू आला होतास ते तुला आठवत असेल. उंची मोजायची पट्टी धरणारा माणूस आजारी पडला आणि तू केळीच्या बागेत पट्टी धरून उभा राहिलास. त्या जुन्या दुर्बिणीत सगळं उलटं दिसायचं. तू मला दिवसभर डोकं खाली, पाय वर असा दिसत होतास, आणि तरी तुझी पट्टी एकदाही हलली नाही. तेव्हा तू विचारलं होतंस की एवढ्या उंच्या मोजता त्या कशावरून मोजता. मी सांगितलं होतं, एक पक्की खूण असते, ती हलत नाही असं धरायचं आणि बाकी सगळं तिच्यावरून काढायचं.

दिवाळीत तू मला एका ओळीचं पत्र पाठवलंस. मी तीन पानी उत्तर पाठवलं, त्यात लातूर जिल्ह्यातल्या विहिरींच्या पातळ्या होत्या. नव्या कचेरीत अजून पाठीवर उस्मानाबाद लिहिलेल्या खुर्च्या आहेत, हेही होतं. तू त्यावर रागावला नाहीस. उलट लिहिलंस, की सहस्रकुंडाच्या धबधब्याला यंदा नुसते खडक दिसतात आणि इस्लापूरच्या तुझ्या शाळेतली मुलं त्यावरून घसरगुंडी खेळतात. तुझी ओळ तू पुन्हा लिहिली नाहीस. मी ती वाचली नव्हती असं नाही. तिचं उत्तर मी काढून ठेवलं होतं. तुझं घर गल्लीच्या त्या टोकाला आणि आमचं या टोकाला, मधे काय आहे ते दोघांना माहीत आहे. अप्पा काय म्हणतील ही माझी पक्की खूण होती. त्यावरून बाकी सगळं काढलं आणि उत्तर आलं, नाही. ते पाठवावंसं वाटेना म्हणून विहिरी पाठवल्या.

सोमवारी ती खूण हलली. अप्पा आपल्याला होकार देतील असं मी म्हणत नाही. ते काय म्हणतील हे मला आधीपासून माहीत आहे, एवढंच म्हणणं मी मागे घेते. त्यामुळे उत्तर पहिल्यापासून काढावं लागलं, आणि या वेळी मी ते अप्पांवरून काढलं नाही, माझ्यावरून काढलं. ते ‘हो’ आहे. हे मत गुप्त नाही, खाली नाव आहे. उदगीरचे पाहुणे तेराला येतील. त्यांना येऊ नका म्हणून कळवायचं तर अप्पांशी मला त्याआधी बोलावं लागेल, आणि ते मी एकटी बोलेन, तू यायची गरज नाही. पण तुझा दिवाळीचा प्रश्न अजून तसाच आहे की नाही, हे मला माहीत नाही, आणि तेवढं माझ्याकडून काढता येत नाही. आहे किंवा नाही, एका शब्दात लिहिलंस तरी चालेल. शनिवार, पाच एप्रिलपर्यंत मला लातूरच्या पत्त्यावर मिळेल असं लिही.

तुझीच,
शिवकांता