साळूचा उतरलेला ताप

उस्मानपुरा, औरंगाबाद
बुधवार, ४ मार्च १९८७

तीर्थस्वरूप तात्यासाहेब मामांस बन्सीचा करमाडकडं तोंड करून साष्टांग नमस्कार. (घरमालकीण मनकर्णाबाई दारातून विचारतायत, काय हरवलं म्हणून.) सारजामामींचे गुडघे आणि तुमचा राग, दोन्ही ठीक असावेत. तीन आठवडे पत्र नाही, त्याला कारण आहे. आमच्या साळू सशिणीचे मात्र तीनच दिवस उरलेत.

आमच्या कारखान्यात सलाईन बनते. पाणी उकळून जंतू मेले तरी त्यांचं विष उरतं आणि रक्तात गेलं की ताप भरतो. म्हणून सलाईन आधी सशाच्या कानातल्या शिरेत टोचून बघतात. माझा हात बसावा म्हणून तपासणी खात्याच्या कालिंदी मॅडमनी रोज एका नव्या सशाला थोडं विष टोचून ताप मोजायला सांगितलं. बाकीचे ससे लाथा मारतात, साळू तेवढी गप बसते, म्हणून मी सलग चार दिवस तिलाच टोचलं. पहिल्या दिवशी ताप दीड अंश चढला, दुसऱ्या दिवशी एक, तिसऱ्या दिवशी अर्धा, चौथ्या दिवशी काहीच नाही! मी वहीत ‘विष मेलं’ असं लिहून बाटली ओतून द्यायला निघालो.

“रोज हीच?” मॅडमनी विचारलं.

“व्हय मॅडम. लई गुणी हाय, लाथ मारत नाय.”

त्यांनी कपाळावर हात मारला. त्याच बाटलीतलं विष नव्या सशाला दिलं, तर तासाभरात अंग भट्टी! (साळूवर सलाईन तपासली असती तर वाईट बाटली पास होऊन कुणाच्या तरी आईला लागली असती. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.) मग मॅडमच्या सांगण्यावरून साळूला तीन आठवडे विश्रांती दिली आणि तेच विष पुन्हा टोचलं. पुन्हा ताप दीड अंश! मामा, मी थक्क झालो. एवढासा जीव, पण अंगाला चार दिवसांत कळतं की रोजच्या पाहुण्यासाठी भट्टी पेटवायची नसते; आणि मध्ये खंड पडला की पुन्हा पेटते. कुठं शिकलं हे अंग? वेरूळचं कैलास लेणं पाहून माझं उघडं राहिलेलं तोंड संध्याकाळी तरी मिटलं होतं. या वेळी अजून मिटलेलं नाही.

तुमचा भाचा,
बन्सी

ता. क. साळू आता म्हातारी झाली. शनिवारी तिला कामावरून काढणार, आणि काढलेल्या सशांचं पुढं काय करतात ते लिहवत नाही. मनकर्णाबाई तिला घरात घेऊ देत नाहीत.

आणखी ता. क. तिला मळ्यात ठेवून घ्या म्हणून जानेवारीत लिहिलं तेव्हा तुम्ही चार पानं शिव्या दिल्यात. दुसऱ्या पत्राला एक पान, तिसऱ्याला दोन ओळी, चौथ्याला नुसतं ‘पत्र पोचलं’. म्हणून साळूबरोबर तुम्हालाही तीन आठवडे विश्रांती दिली. आता ताप चढला असेल तर शनिवारी सकाळी करमाडच्या बसथांब्यावर शिव्या द्यायला स्वतःच या. साळू माझ्या मांडीवर असेल.