दोन नंबरची बाटली

३ मार्च

चि. धाकटीस,
अनेक आ. वि. वि.

तुझं खोकं मंगळवारी पोचलं. बाराच्या बारा बाटल्या शाबूत आहेत. आणणाऱ्याने ते दारात आदळलं तेव्हा तडा गेला तो फक्त माझ्या काळजाला. नव्या बीअरबद्दल काय लिहू! ग्लासात ओतताच संत्र्याच्या सालीचा दरवळ, मागून देवदाराची चाहूल, आणि शेवटी जिभेवर रेंगाळणारा तो सभ्य कडवटपणा. बीअरला कडवटपणा देणारी हॉप्सची ती हिरवी बोंडं तुझ्या हाती पडली की त्यांचं सोनं होतं. लोक पिवळी, गोडसर, पाणचट बीअर का पितात, देव जाणे.

दुकान ठीक चाललंय. काल एक गृहस्थ डोळे तपासायला आले. मी तक्त्यावरचा दिवा लावायच्या आत त्यांनी शेवटची ओळ घडाघडा म्हणून दाखवली. बाहेरच्या बाकावर बसून पाठ केली होती! मी हसलो नाही. मी स्वतः सकाळभर चष्मा शोधत होतो आणि तो कपाळावर होता. दुकानाच्या पाटीवर ‘चष्मे हरवून मिळतील’ असं लिहा, असं तुझी वहिनी म्हणते.

तुमच्या मालकीणबाई त्या मोठ्या हॉटेलाच्या ऑर्डरचं बोलत होत्या, त्याचं पुढे काय झालं? सवडीने लिही. माया आहे तशी ठेव.

तुझा दादा

११ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

हे पत्र वहिनीला दाखव, बाकी कुणाला नको.

गेल्या महिन्यात मला ताप आला होता, ते तुला कळवलं होतं. ताप गेला, पण जाताना माझं नाक घेऊन गेला. पाच आठवडे झाले, मला कशाचाच वास येत नाही. परवा दूध उतू जाऊन करपलं. धुरामुळे शेजारीण धावत आली, तर मी पाठमोरी उभी राहून शांतपणे कपबशा पुसत होते. कडू, गोड, आंबट, खारट एवढं जिभेला कळतं. बाकी सगळं ओल्या कागदासारखं. डॉक्टर म्हणतात, येईल परत. कधी, ते सांगता येत नाही. कदाचित नाहीही.

कारखान्यात मी कुणाला सांगितलेलं नाही. बीअर करणाऱ्या बाईला नाक नसणं म्हणजे बहिऱ्याने वाद्यं लावून देणं. सगळ्यांसमोर ग्लास हुंगते, मान डोलावते आणि पाचावर धारण बसलेली असते. त्यात हॉटेलाची ऑर्डर पक्की झाली. त्यांना भरपूर हॉप्स घातलेली बीअर हवी आहे. तीन टाक्या तयार आहेत, त्यांतली एक निवडायची. मोजमापात दोन नंबरची सगळ्यांत चोख आहे, म्हणून तीच पाठवायचं मनात आहे. पण चव वहीत मावत नाही ना रे.

म्हणून तीन बाटल्या पाठवतेय. लेबलं अजून छापलेली नाहीत, नुसते १, २, ३ असे आकडे घातलेत. सहा वर्षं मी मनात जे धरून बीअर केली, नेमकं तेच तू पत्रात लिहीत आलास. कधी संत्र्याची साल, कधी देवदार, एकदाही चुकला नाहीस. तेव्हा तुझ्या जिभेवर डोळे मिटून विश्वास आहे. लवकर लिही. वहिनीला नमस्कार. हक्काने त्रास देतेय, तो गोड मानून घे.

तुझी धाकटी

१६ मार्च

चि. धाकटीस,
अनेक आ. वि. वि.

हे पत्र चौथ्यांदा लिहितोय. आधीच्या तिन्हींमध्ये मी शहाणा ठरत होतो, म्हणून फाडली.

बाटल्या आल्या. पहिली उचलली आणि सवयीने मागची बाजू फिरवून पाहिली. मग दुसरी, मग तिसरी. खरंच लेबल नाही!  तुझी वहिनी समोर बसली होती. ती म्हणाली, आता काय करणार, महाराज?

धाकटे, मला हॉप्सची बीअर आवडत नाही. कधीच आवडली नाही. सहा वर्षांपूर्वी तू पहिला ग्लास माझ्या हातात दिलास आणि माझ्या चेहऱ्याकडे बघत उभी राहिलीस. मला औषधाची मुळी चघळल्यासारखं झालं होतं. तुझा चेहरा बघून तोंडून ‘वा’ निघून गेलं. तो एक ‘वा’ मी सहा वर्षं पोसतोय. संत्र्याची साल, देवदार, सभ्य कडवटपणा, हे सगळं तुझ्याच लेबलांवरून उतरवलेलं आहे. तक्ता पाठ करून येणाऱ्या त्या गृहस्थांना मी कुठल्या तोंडाने हसणार होतो?

बाटल्या शेजारच्या दातांच्या डॉक्टरांकडे जातात. ते तुझे खरे भक्त. ते गावाला गेले की मोरीत. मला विचारशील तर करपट पावासारखी, जरा कॉफीची आठवण देणारी काळी बीअर बरी वाटते. नाहीतर ती पिवळी, गोडसर, पाणचट, जिला मी इतकी नावं ठेवली. गाढवाला गुळाची चव काय, असं म्हणशील. पण बाई गं, गाढवाला निदान गूळ तरी द्यायचा होतास!

असो. आता जे खरं आहे तेवढंच लिहितो. आम्ही दोघे आणि डॉक्टर बसलो, वहिनीने टिपणं घेतली. एक नंबर: ओलं गवत, थोडा कांदा, भयंकर कडू. माझा चेहरा पासपोर्टच्या फोटोसारखा झाला, असं वहिनीने टिपलंय. तीन नंबर: तितकीच कडू, पण स्वच्छ वाटली. डॉक्टर तिच्यावर बेहद्द खूश. आणि दोन नंबर! काय सांगू! तिला लोण्याचा वास होता. गरम टोस्टवर वितळतं ना, तसा. कडवटपणाही त्याने मऊ झालेला. डॉक्टर म्हणाले, तीनसारखीच आहे. मी मात्र सबंध ग्लास संपवला आणि उरलेलीही मागून घेतली. तुझी हॉप्सवाली बीअर आयुष्यात पहिल्यांदा मला आवडली. हॉटेलाला बेलाशक दोन नंबरच दे.

रागाव, पण अबोला धरू नकोस. अपराध पोटात घाल.

तुझा खोटारडा दादा

२९ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

पत्र अर्धं वाचलं आणि फाडलं. मग तुकडे टेबलावर जुळवून उरलेलं वाचलं.

आधी राग. ती अति कडू बीअर आठवते? कुणी घेत नव्हतं. बंद कर, बंद कर, असं मालकीणबाई दोन वर्षं सांगत होत्या. मी दरवेळी तुझं पत्र पुढे करायची. माझ्या दादाला कळतं, असं म्हणायची. सगळ्या कारखान्यासमोर म्हणायची, दादा. याचं मला अजून वाईट वाटतंय, आणि ते एका पत्राने जाणार नाही.

आता लोणी. अरे, बीअरला लोण्याचा वास म्हणजे बिघाड! तयार टाकीत वरून हॉप्स घातले की कधीकधी निजलेलं यीस्ट पुन्हा जागं होतं, आणि आंबवण्याचं काम अर्धवट टाकून झोपलं की तो वास मागे राहतो. हॉप्सच्या दरवळात तो सहज लपतो. डॉक्टरांसारख्या भक्तांना म्हणूनच कळला नसेल. तुला हॉप्सचं काही कौतुकच नाही, म्हणून तुझ्या जिभेने लोणी तेवढं नेमकं वेचलं. तुला जी आवडली ती नासलेली होती. मी ती दुसऱ्याच दिवशी भरायला घेणार होते. हे वाचून तिथेच टेबलाशी बसले आणि इतकी हसले की डोळ्यांतून पाणी आलं. ते थांबेना.

मग उठले आणि मालकीणबाईंना सगळं सांगितलं. त्यांनी स्वतः दोन नंबर ओतून घेतली, हुंगली आणि ग्लास हळूच खाली ठेवला. म्हणाल्या, टाक्यांच्या खोलीत अत्तर लावून आलं की तू माझ्या अंगावर यायचीस. तीन आठवडे मी मुद्दाम लावून येतेय आणि तू गप्प, तेव्हाच मला शंका आली होती. मी नोकरी सोडायचं बोलले. त्यांनी ऐकूनच घेतलं नाही. म्हणाल्या, डोकं आहे ना जागेवर? नाकाचं आम्ही बघू. आता रोज त्या आणि आमचा ड्रायव्हर हुंगतात, मी वही बघते. हॉटेलाला तीन नंबर गेली. दोन नंबरची टाकी उबेला ठेवून दिली, यीस्टने ते लोणी पुन्हा खाऊन टाकावं म्हणून. आता ती ठीक आहे, म्हणजे तुला आवडणार नाही.

राग गेलेला नाही. तू इथे ये, माझ्यासमोर बस आणि पी. वहिनीला साक्षीला आण. वाट बघतेय, एवढ्यावरून काय ते समज.

तुझी धाकटी

१४ एप्रिल

चि. धाकटीस,
अनेक आ. वि. वि.

आम्ही दोघे घरी सुखरूप पोचलो. माझी धिंडही नीट निघाली. सगळ्यांसमोर पाच ग्लास मांडलेस, प्रत्येकाला मी खरं काय ते सांगितलं आणि तुमचा ड्रायव्हर हसून हसून भिंतीला टेकला. मालकीणबाईंनी विचारलंच की चष्मेवाले जिभेचा नंबर काढून देतात का. काळी बीअर मात्र मी दोनदा मागितली, तेव्हा तूही हसलीस.

पण नंतर तू दोन्ही ग्लास एकेक घोट घेऊन पाहिलेस आणि सहज म्हणून गेलीस की तुला आता माझी काळी आणि तुझी कडू यांतलं वेगळेपण कळत नाही, दोन्ही नुसत्याच कडू लागतात. सहा वर्षं मी ज्यावरून खोटं बोललो, ते तुझ्यापाशी उरलेलंच नाही. 

मग तू मला थंड खोलीत नेलंस, पोत्यातले मूठभर हॉप्स माझ्या तळहातावर चोळलेस आणि म्हणालीस, सांग. मी म्हटलं, गवत. आणखी? नुकतीच टोक काढलेली पेन्सिल. आणखी? आई हिवाळ्यात कोटांचं कपाट उघडायची, तेव्हा आत शिरून बसल्यावर यायचा तो. तू डोळे मिटलेस आणि माझं मनगट धरलंस. थांबू नकोस, म्हणालीस. मी मग सुचेल ते बोलत राहिलो, निम्मं चुकलंही असेल. तू चुकीला चूक म्हणाली नाहीस.

खरं लिहायचं ठरलंय म्हणून लिहितो, तो वास मला अजूनही आवडत नाही. तळहात चिकट झालाय. दुकानात चष्मा चढवायला गेलो की गिऱ्हाईक मागे सरतं आणि जेवताना वहिनी नाक मुरडते. दोन दिवस झाले, मी तो हात साबणाने धुतलेला नाही.

जिवाला जप.

तुझा दादा